ऐंशी रकाने

६ एप्रिल १९८६, रविवार

रजेचा पहिला दिवस. आमच्याकडच्या वाशीला एसटीतून उतरलो तेव्हा शर्टाचा मूळ रंग कुठला हे माझं मलाच सांगता आलं नसतं. पुढचे नऊ किलोमीटर दूध संघाच्या टेम्पोत, रिकाम्या कॅनवर बसून. कॅप्टन उत्तरेश्वर बनसोडे, कॅनवर. ड्रायव्हर म्हणाला, "सायब, फुडं बसा की." पुढं दोन शेळ्या बसल्या होत्या.

गावात पाणी नाही. पत्रातून कळत होतंच, पण विहिरीच्या तळाला उतरून बायका वाटीनं घागर भरतात हे डोळ्यांनी पाहणं निराळं. टँकर एक दिवसाआड येतो, म्हणजे मनात येईल तेव्हा येतो. आई म्हणाली, आंघोळ उद्या कर. ऐकलं.

बायको आणि मुलगी परीक्षेमुळं क्वार्टरवरच राहिल्या, त्यामुळं शाबासकीचं पत्र आईलाच वाचून दाखवलं. जवानांच्या नोंदी कॉम्प्युटरवर आणण्याच्या कामात मी चारशे बारा दुबार कार्डं शोधून काढून टाकली, असं त्यात कर्नलसाहेबांच्या सहीनं लिहिलंय. आईनं विचारलं, "मान्सं काढून टाकलीस व्हय रं?"

"माणसं नाही गं, कार्डं." मग समजावून सांगितलं. एका जवानाचं एक कार्ड. त्यावर ऐंशी रकाने, एका रकान्यात एक अक्षर. त्याला भोकं पाडायची, ती यंत्र वाचतं. ऐंशीत सगळं बसवायचं म्हणजे कसरत. नंबर, नाव, आडनाव, गाव, जन्मसाल, बायकोचं नाव. वडिलांच्या नावाला जागा उरेना, ते मी काढून टाकलं. कर्नलसाहेबांनी विचारलं होतं, चालेल ना? मी म्हणालो, सर, नंबर असल्यावर बाप कशाला लागतो. सगळे हसले होते.

आई हसली नाही. डाळ रटरटत होती, तिकडं बघत होती.

९ एप्रिल, बुधवार

रामलिंग लोमट्यांनी बोलावलं म्हणून गेलो. लहानपणी या अंगणात मी पायरीपाशी उभा राहायचो. आज खुर्ची आली. चहा कपबशीतून आला. मी खुर्चीवर बसलो आणि पाठ टेकवून बसलो.

लोमट्यांची दोन पोरं फौजेत आहेत, सख्खे चुलतभाऊ, एकाच पलटणीत. रामलिंगतात्यांचा बलभीम, त्याची बायको सरुबाई. आणि तात्यांच्या मयत धाकट्या भावाचा मुलगा आण्णा, त्याची आई मथुराबाई आणि बायको चांगुणा. घरं शेजारी शेजारी, मधे एक बुटकी भिंत. दोन्ही सुना रोजगार हमीवर खडी फोडायला जातात. सध्या दोघंही पोरं वर बर्फात आहेत.

मथुराकाकूंनी आण्णासाठी पत्र सांगितलं, मी लिहिलं. पाकिटावर पत्ता घालताना विचारलं, "काकू, आण्णाचं कागदावरचं नाव काय?" काकूंनी तोंडाला पदर लावला. म्हणाल्या, "मला घेता येत न्हाय बाबा ते नाव. चांगुणा घालंल." मला या असल्या गोष्टींचा कंटाळा येतो. चांगुणा आतून आली, हाताला खडीचा पांढरा थर तसाच. माझ्यासमोरून पाकीट उचललं. "ऱ्हाऊ द्या सायब. मला पाठ हाय," म्हणाली आणि चुलीपुढं बसून नंबरासकट पत्ता घातला. चौथी शिकलीय म्हणे. मला ती जरा आगाऊ वाटली. सरुबाई बिचारी साधी आहे.

११ एप्रिल, शुक्रवार

काल पाडवा झाला. लोमट्यांच्या दोन्ही दारांतल्या गुढ्या काल उतरवायच्या राहूनच गेल्या होत्या. आज सकाळी वाशीहून पोस्टमन सायकलवर आला, आणि मला बोलवायला तात्यांचा सालगडी पळत आला. तार इंग्रजीत होती.

ती मलाच वाचावी लागली. शब्दाला शब्द उतरवून घेतोय, सवय आहे. पत्ता: श्रीमती सरुबाई पिराजी लोमटे. मजकूर: नंबर, शेवटचे आकडे ४१८, शिपाई पिराजी लोमटे, दोन एप्रिलला बर्फाचा कडा कोसळून कर्तव्यावर असताना मृत्युमुखी. देह मिळालेला नाही. सविस्तर पत्र मागून.

बलभीमचं कागदावरचं नाव पिराजी, हे मला ठाऊक होतं. आजोबांचं ठेवलेलं. मी मराठीत सांगायला तोंड उघडलं आणि पहिलं वाक्य इंग्रजीतच आलं. मग दुसऱ्यांदा सांगितलं. तात्या ओट्यावरून उठले, गुढीपाशी गेले, गुढी उतरवायला हात वर केले आणि तसेच उभे राहिले.  सरुबाईच्या हातात धुण्याचा पिळा होता, तो ती पिळतच राहिली.

चांगुणा भिंतीवरून आली. "बगू," म्हणून तार माझ्या हातातून घेतली आणि कितीतरी वेळ धरून उभी राहिली. तिला इंग्रजी कुठलं यायला. शेवटी मी हात पुढं केला तेव्हा तिनं विचारलं, "सायब, तारंत आकडा चुकतो का कवा?"

असल्या वेळी आकडा! मी वैतागून म्हणालो, "चुकतो की. तारवाल्याकडून एखादा आकडा इकडचा तिकडं होतोच. नाव आणि पत्ता बरोबर असला की झालं." तिनं मान हलवली. तार घडी करून दिली.

घरी आल्यावर जेवलो नाही. बलभीमला मी विहिरीत पोहायला शिकवलं होतं. म्हणजे तो मला पाहून शिकला. आमची विहीर वेगळी होती.

१२ एप्रिल, शनिवार

गावातल्या म्हाताऱ्या बायका सरुबाईच्या बांगड्या फोडायला जमल्या. चांगुणा दारात आडवी उभी राहिली. "माती डोळ्यानं बगितली न्हाय. तवर तिच्या हाताला कुनी हात लावायचा न्हाय."

एकजण म्हणाली, "अगं बाई, सरकारची तार हाय."

"सरकारची तार ऱ्हाऊ द्या सरकारपाशी."

बाचाबाची झाली. तात्या चिडले. मथुराकाकू सुनेला आत ओढायला लागल्या तर ही जागची हलेना. शेवटी भटजींना विचारलं. देह मिळाला नाही तर कणकेचा पुतळा करून अग्नी देतात. येत्या गुरुवारी, सतरा तारखेला दुपारी बाराला नदीत पुतळा जाळायचा आणि बाकीचं सगळं तिथंच करायचं, असं ठरलं. तोपर्यंत बांगड्या आणि मंगळसूत्र राहू दे.

परतताना बायका कुजबुजत होत्या की हिचं सुखरूप आहे म्हणून हिला जोर आलाय. खरं सांगायचं तर मलाही तसंच वाटलं. दुसरीच्या दुःखात एवढं पुढं पुढं कशाला करायचं?

१३ एप्रिल, रविवार

आजचं नीट लिहितो. क्रमानं.

सकाळी सरुबाईचा पेन्शनचा अर्ज लिहायला गेलो. अर्जावर नवऱ्याचा नंबर लागतो. तिनं बलभीमच्या पत्रांचा बिस्किटाचा डबा दिला. प्रत्येक पाकिटामागं त्यानं स्वतःच्या हातानं नंबर घातलाय. शेवटचे आकडे ४१९.

तारेत ४१८. माझ्या मनात आलं, बघा, चांगुणेला म्हणालो तेच. तारवाल्यानं आठाचा नऊ, नऊचा आठ केला. अर्जात ४१९ घातला, सरुबाईचा अंगठा घेतला आणि घरी आलो. बरंच वाटलं, खोटं कशाला बोलू.

संध्याकाळी आई भाकरी थापत होती. बोलता बोलता म्हणाली, "दोन नातवांत म्हाताऱ्याचं नाव टिकलं व्हतं. आता एकच पिराजी ऱ्हायला."

"दोन कुठले?"

"बलभीम आन् आण्णा. म्हातारा गेला आन् साल न्हाय भरलं तर दोनी सुनांना पोरं झाली. दोगी बी म्हनल्या आमच्याच पोटी म्हातारा आला. दोगांचं बी नाव पिराजीच. पर सुनंनं सासऱ्याचं नाव कसं घ्यावं? म्हनून एकीनं बलभीम म्हनलं, दुसरीनं आण्णा. दोगांच्या बी बारशाच्या घुगऱ्या खाल्ल्यात म्या."

मी म्हणालो, "कागदावरसुद्धा?"

"कागदावर आनिक काय निराळं आसतंय?"

भाकरी पुढ्यात होती. मी तुकडा मोडला आणि तो हातातच राहिला.

१४ एप्रिल, सोमवार

जयंती. वस्तीत मंडप, निळे झेंडे, लाऊडस्पीकर. माझा सत्कार होता. दूध संघाचे चेअरमन नानासाहेब प्रमुख पाहुणे. माझ्या गळ्यात हार घालून म्हणाले, या गावच्या लेकरानं फौजेचा सगळा कारभार यंत्रात घातला, एक चूक होत नाही आता. टाळ्या पडल्या. आई पहिल्या ओळीत बसली होती, नवं लुगडं नेसून. मला भाषण करायचं होतं. दोन मिनिटं बोललो आणि पाण्याचं निमित्त करून खाली उतरलो.

जानेवारीतली ती यादी मला आठवते. ज्या कार्डांत नाव, आडनाव, गाव आणि जन्मसाल सगळं सारखं, अशा जोड्या यंत्रानं छापून दिल्या होत्या. इतर जोड्यांसाठी मी जुने कागद मागवले, पडताळून मगच खूण केली. एक जोडी माझ्या गावची निघाली. पिराजी लोमटे, ४१८. पिराजी लोमटे, ४१९. शेवटचा आकडा तेवढा निराळा; बायकोचं नाव यादीत छापलंच नव्हतं. मी हसलो होतो. ऑफिसातल्या सुभेदारसाहेबांना म्हणालो, हे माझं गाव, फौजेतला पिराजी लोमटे एकच, त्याला लहानपणापासून ओळखतो. याचे कागद काढायची गरज नाही. ४१८ वर काट मारली, माझ्या हातानं.

केरळातला किंवा पंजाबातला अधिकारी असता तर त्यानं कागद मागवले असते.

म्हणजे आता असं झालं असणार: वरून निरोप आला, ४१८ गेला. यंत्रात ४१८ नाहीच. नावावरून शोधलं तर एकच पिराजी लोमटे सापडला, ४१९, बायको सरुबाई. तार तिला.

पण हे "असणार" आहे. आण्णाचा नंबर काय, हे मी अजून पाहिलेलं नाही. चांगुणेकडं जाऊन एक पाकीट मागितलं की झालं. पाच मिनिटांवर घर आहे. दोनदा भिंतीपर्यंत गेलो. पाकीट कशाला हवंय म्हणून विचारलं तर काय सांगू? आणि खरोखर तारवाल्याचीच चूक असली तर? भलत्या बाईच्या काळजात सुरी घालायची का? ऑफिसातून पक्कं कळायला हवं. मंडपातच नानासाहेबांना विचारलं, वाशीच्या दूध केंद्रातला फोन मिळेल का. म्हणाले, "कॅप्टनसाहेब, फोन तुमचाच समजा."

१५ एप्रिल, मंगळवार

सकाळी टेम्पोनं वाशी. दूध शीतकरण केंद्रात ट्रंककॉल लावून बसलो. दुष्काळामुळं दूध निम्म्यावर आलंय, यंत्रं बंद, सगळीकडं आंबूस वास. साडेचार तासांनी लाईन मिळाली.

सुभेदारसाहेब म्हणाले, "मशीनमध्ये एकच पिराजी लोमटे आहे, सर. दोन नाहीत."

"दोन होते. जुने कागद काढा. वडिलांचं नाव बघा. एकाचं रामलिंग, दुसऱ्याचं आबाराव. आबारावच्या मुलाचा नंबर मला सांगा."

जुने कागद आता गोदामात, गठ्ठे बांधलेले. दोन दिवस लागतील. गुरुवारी सकाळी नऊला ते स्वतः इथं फोन लावतील. मग त्यांनी विचारलं, "सर, हे लेखी पाठवता का? म्हणजे कर्नलसाहेबांना दाखवून लगेच माणसं लावता येतील."

मी म्हणालो, नको, तुम्हीच बघा.

इथं खरं लिहायचं म्हणून ही वही आहे. जूनमध्ये मोठ्या कोर्ससाठी निवड आहे, माझं नाव वर गेलंय. लेखी दिलं की ते कागदावर आलं. माणसं लावली असती तर उद्याच कळलं असतं. मी माझ्या कोर्ससाठी एक दिवस खाल्ला, आणि तो दिवस सरुबाईच्या ताटातला होता. परत येताना कॅनवर बसलो तेव्हा स्वतःचीच किळस आली.

१६ एप्रिल, बुधवार

तात्यांकडं गेलो. म्हणालो, उद्याचं दोन दिवस पुढं ढकला.

"का?"

"ऑफिसातून एक खुलासा यायचाय."

"कसला? माझा ल्योक जित्ता हाय म्हनून यायचाय का?"

काय सांगणार. हो म्हणालो आणि उद्या तारवालाच चुकलेला निघाला तर हा म्हातारा दोनदा मरेल. आणि हो म्हणणं म्हणजे भिंतीपलीकडं ऐकणाऱ्या दोन बायकांना काय सांगणं?  तात्यांचा आवाज चढला. "सायब झालास, खुर्ची दिली आमी. आता आमच्या घरचं सुतक बी तूच ठरवनार व्हय?"

एरवी मी उत्तर दिलं असतं. तोंडात चांगलं सापडतं मला. आज उठून आलो.

दुपारी टँकर आला. झुंबड. चांगुणा रांगेत होती. नंबर आला तेव्हा तिनं आपली घागर बाजूला ठेवून सरुबाईची भरली आणि पुन्हा शेवटी जाऊन उभी राहिली. पाच दिवस झाले, खडीवर गेली नाही. सरुबाईला भरवते, तिच्याजवळ बसते. आईनं सांगितलं की स्वतः मात्र धड खात नाही. मी जवळून जाताना तिनं हळूच विचारलं, "फोन लागला का सायब?"

फोनचं हिला कोणी सांगितलं? टेम्पोवाल्यानं सांगितलं असेल. मी म्हणालो, "अर्जाचं काम होतं, सरुबाईच्या."

"उद्या सांगत्याल का?"

"हो, उद्या."

"बरं," म्हणाली.

तिच्याकडं बघवेना. हिच्या कपाळावर कुंकू आहे, आणि ते असावं की नसावं हे मला अर्धंमुर्धं ठाऊक आहे, तिला काहीच ठाऊक नाही. एक दिवस तरी तिला सुखाचा मिळू दे, असं मी मनाशी म्हणालो.

१७ एप्रिल, गुरुवार

साडेआठलाच केंद्रात जाऊन बसलो. नऊ वाजले. साडेनऊ. फोन वाजला तो दुधाच्या कॅनविषयी होता. दहा. मी एक्स्चेंजला विचारलं, म्हणाले लाईन आहे, वाट बघा. नानासाहेब समोर बसून सुपारी कातरत होते, त्यांनीही बोलणं बंद केलं. दहा चाळीसला घंटी वाजली.

सुभेदारसाहेबांचा आवाज खोल विहिरीतून आल्यासारखा. "सर, सापडले. दोघंही एकाच दिवशी भरती झाले, एकामागं एक उभे होते. ४१९, बापाचं नाव रामलिंग. ४१८, बापाचं नाव आबाराव. पलटणीलाही विचारलं. ४१९ खालच्या ठाण्यावर आहे, सुखरूप."

मी आभार मानले. ते थांबले, मग म्हणाले, "सर, बाहेर कुणाला कळायची गरज नाही. तारखात्याची चूक म्हणून लावू. ४१८ चं कार्ड मी परत घालतो."

मी काही उत्तर न देता फोन ठेवला. नाही म्हणालो नाही, हेही लिहून ठेवतो.

टेम्पो गेला होता. नानासाहेबांनी काही न विचारता जीपची चावी ड्रायव्हरकडं फेकली. नऊ किलोमीटरला पाऊण तास लागला, कारण मधे चारा छावणीला चाललेली जनावरं रस्ताभर होती आणि हॉर्नला हलण्याइतकी ताकद त्यांच्यात नव्हती.

नदीत पाण्याचा थेंब नाही. वाळूत लाकडं रचली होती, वर कणकेचा पुतळा, त्याला बलभीमचा जुना सदरा घातलेला. पलीकडं बायकांचा घोळका. मधे सरुबाई. तिचा उजवा हात दगडावर टेकवून एका म्हातारीनं धरला होता, दुसरीच्या हातात गोटा होता. डावा हात चांगुणेनं धरला होता, दोन्ही हातांनी, घट्ट, आणि मान वळवून ती रस्त्याकडंच बघत होती.

मी ओरडलो, "थांबा! बलभीम जिवंत आहे."

सगळे गोठले. तात्या माझ्याकडं आले, माझ्या दंडाला धरलं. आता पुढचं वाक्य बोलायचं होतं. मी संबंध रस्ता ते वाक्य जुळवत आलो होतो आणि त्यातला एक शब्द आठवेना. मी चांगुणेकडं पाहिलं.

ती म्हणाली, "आकडा चुकला न्हाय ना सायब?"

"नाही."

"चारशे अठरा."

"हो."

तिनं सरुबाईचा हात सोडला. सावकाश सोडला, एकेक बोट उचलून. मग तिला म्हणाली, "तुजा हाय गं. ऊठ." आणि स्वतः तिथंच वाळूत बसली.

तेव्हा मला सगळं कळलं, आणि पहिल्यांदा कळलं. तारेतले आकडे तिनं वाचले होते. शुक्रवारीच. माझ्या हातातून तार घेतली तेव्हाच.

मथुराकाकू घरीच होत्या. कुणीतरी सांगायला धावत निघालं तसं चांगुणा उठली. "आत्तीला म्या सांगनार. फुडं कुनी जायचं न्हाय." एकटी चालत गेली. आम्ही सगळे नदीतच उभे राहिलो. सरुबाईला रडावं की काय करावं ते समजेना, ती पुतळ्याच्या अंगातला सदरा काढत बसली.

१८ एप्रिल, शुक्रवार

सकाळी भिंतीपलीकडं गेलो. खुर्ची कुणी दिली नाही आणि मलाही नको होती, ओट्याखाली बसलो. चांगुणेला म्हणालो, "चूक तारवाल्याची नाही. सरकारचीही नाही. तुमच्या नवऱ्याचं कार्ड मी काढून टाकलं होतं. मी." कार्ड कसं, का, सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं. डोळे सुजले होते, आवाज मात्र नेहमीचाच.

मी विचारलं, "तुम्हाला पहिल्या दिवशीच कळलं होतं. मग बोलला का नाही?"

"तुमी म्हनला व्हता की, आकडा चुकतो म्हनून. शिकलेलं मानूस हाय, खोटं कशाला बोलंल, म्हनलं. त्याच्यावर सा दिस काढलं." मग म्हणाली, "आन् चुकला नसंल, तर सरूचा हात तेवडा धरून ठिवायचा. तेवडंच माज्या हातात व्हतं."

 मी तिथंच पायरीवर कागद काढून कर्नलसाहेबांना अहवाल लिहिला. चूक तारखात्याची नाही, माझी आहे, कशी झाली, उरलेल्या चारशे अकरा जोड्याही पुन्हा तपासाव्यात. पंधरा तारखेला लेखी दिलं नाही तेही लिहिलं. कोर्सचं काय व्हायचं ते होवो. नानासाहेबांचा माणूस दुपारी टपालात टाकणार आहे.

अहवालाला मयत जवानाच्या आईचा जबाब जोडावा लागतो, ओळखीसाठी. आईनं मुलाचं नाव स्वतःच्या तोंडानं सांगायचं, मी लिहायचं, साक्षीदारांनी सह्या करायच्या. तात्या साक्षीला येऊन बसले. माझ्याशी बोलले नाहीत, पण माझ्या शेजारी बसले. मथुराकाकू चौकटीला टेकून होत्या. मी म्हणालो, "काकू, नियम तसा आहे. पण चांगुणाबाईंनी सांगितलं तरी मी तुमच्या नावानं लिहितो."

 काकूंनी डोक्यावरचा पदर पुढं ओढला, तात्यांकडं पाठ केली आणि भिंतीकडं तोंड करून म्हणाल्या, "लिव्ह. पिराजी."

अठ्ठावीस वर्षांत पहिल्यांदा. चांगुणेनं चटकन वर पाहिलं.

"वडिलांचं नाव?" मला विचारावंच लागलं. ते तर नवऱ्याचं नाव.

"आबाराव," काकू म्हणाल्या. "पिराजी आबाराव लोमटे. माजं लेकरू."

मी लिहिलं. आबाराव. इंग्रजीत सहा अक्षरं होतात. सहा रकाने. गावाचं नाव जरा आखडून घातलं असतं तर बसले असते, आत्ता मोजून पाहिलं.

काकूंनी अंगठा उठवला. मग म्हणाल्या, "बराबर लिव्हलंस का? वाचून दाव."

मी वाचून दाखवलं.

"आनिक एकदा वाच," त्या म्हणाल्या, आणि मी पुन्हा वाचलं.